आधीच्या हातांच्या खुणा : जुनी डॅटसन झेड घरी दुरुस्त करताना

हे पुस्तक ज्या गाडीविषयी आहे ती बहुतेक मराठी वाचकांनी रस्त्यावर पाहिलेली नसेल. डॅटसन म्हटले की आपल्याकडे आठवते ती 2014 साली विकायला आलेली छोटी, स्वस्त ‘गो’. आणि 2022 साली तर ते नावच भारताच्या बाजारातून उठले. पण ‘गो’च्या पंचेचाळीस वर्षे आधी, ऑक्टोबर 1969 मध्ये, निसान कंपनीने जपानात ‘फेअरलेडी झेड’ नावाची एक गाडी आणली आणि परदेशी ती ‘डॅटसन 240 झेड’ म्हणून पाठवली. लांबलचक बॉनेट, मागे उतरत गेलेले छप्पर, बसायला दोघेच, आणि पुढे एका ओळीत सहा सिलिंडरचे 2393 सीसीचे इंजिन. अमेरिकेत किंमत साधारण साडेतीन हजार डॉलर. त्या पैशात तोवर ब्रिटिश एमजी मिळायची, चार सिलिंडरची. जॅग्वार आणि पोर्शे यांच्या किमती ऐकून परत फिरणारे गिऱ्हाईक इथे रांग लावून उभे राहिले. पुढे 260 झेड आणि 280 झेड ही तिचीच भावंडे आली, आणि 1978 पर्यंत या एका सांगाड्याच्या पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या.

त्यांतल्या बऱ्याच गंजून संपल्या. ज्या उरल्या त्यांतल्या पुष्कळशा अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजांत उभ्या आहेत. तिकडे मराठी माणसाने घर घेतले की बरोबर गॅरेजही येते, आणि गाडी बाहेर ठेवून त्यात खोकी रचण्याची आपली परंपरा तिथेही अबाधित आहे. ज्यांनी ती खोकी बाजूला सारून तिथे एखादी जुनी झेड आणून ठेवली, किंवा ठेवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. भारतात बसून पद्मिनी किंवा जुनी जीप खोलणाऱ्यांनाही यातले बरेच काही लागू पडेल, कारण रोग निराळे असले तरी तपासायची रीत एकच. शब्द मी गॅरेजातलेच ठेवले आहेत : पाना, पकड, टॅपेट, पॉइंट, लांबी (म्हणजे पुट्टी). गाडी ‘मिसिंग मारते’ असेच लिहिले आहे, कारण मिस्त्रीही तसेच म्हणतो आणि त्याला काय म्हणायचे आहे ते सगळ्यांना कळते.

पुस्तकभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने येते, ती आधीच सांगून टाकतो. पन्नास वर्षांच्या गाडीत कारखान्याने ठेवलेले दोष थोडे असतात, आणि ते सगळे एव्हाना लोकांना पाठ आहेत. खरा घोळ असतो तो मधल्या पन्नास वर्षांत तिच्यावर फिरलेल्या हातांचा. कोणी वायर तोडून दुसरीकडे जोडली, कोणी गंजावर लांबी थापली, कोणी चांगला कार्बोरेटर काढून मोठा बसवला, कोणी मिळाला तो बोल्ट ठोकून घुसवला. त्यामुळे घरच्या दुरुस्तीचे अर्धे काम म्हणजे आधीच्या दुरुस्त्या उलगडणे. हे काम मोठ्या वर्कशॉपला परवडत नाही, कारण तिथे तासाचे पैसे मोजले जातात आणि एका वायरीच्या मागे दुपार घालवलेली कोणत्याही बिलात शोभत नाही. घरच्या माणसाकडे पैसा कमी असेल, कसब कमी असेल, पण दुपार असते. म्हणूनच घरी दुरुस्ती करणे ही नाइलाजाची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. अशा गाड्यांची नीट तपासणी बहुधा घरीच होते.

गाडीचा इतिहास मी मोजकाच दिला आहे; त्यावर इंग्रजीत आणि जपानीत ढीगभर लिहिलेले आहे. पण दोन-तीन गोष्टी दुरुस्तीला उपयोगी आहेत. गाडीचे रूप योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखालच्या गटाने घडवले. ती अमेरिकेला काय हवे ते ओळखून घडली, याचे श्रेय निसानच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख युताका काटायामा यांना देतात. ‘मिस्टर के’ नावाने ते ओळखले जात, आणि 2015 साली वयाच्या एकशे पाचव्या वर्षी वारले. ‘फेअरलेडी’ हे नाव अमेरिकी गिऱ्हाइकाला रुचणार नाही हे ओळखून त्यांनी गाड्यांवरचे ते बिल्ले काढायला लावले आणि ‘240 झेड’ हे बसवले. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गाडीत फेरफार करण्याचा मान पहिल्याने कंपनीच्याच माणसाकडे जातो. जपानात दोन लिटरच्या वर इंजिन गेले की कर भरमसाट वाढायचा, म्हणून तिथल्या फेअरलेडीला बहुतांशी 1998 सीसीचे एल-20 इंजिन होते. निर्यातीच्या गाडीला एल-24. दोन्ही एकाच घराण्यातली असल्याने सुटे भाग बरेचसे जुळतात, पण सगळे नाहीत. जपानातून भाग मागवण्याआधी सांगाड्याचा क्रमांक पाहून घ्यावा : डाव्या स्टीअरिंगच्या निर्यात गाडीवर ‘एचएलएस30’, उजव्याच्या ‘एचएस30’, आणि एल-20 इंजिनाच्या घरगुती गाडीवर नुसते ‘एस30’. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या वाचकांकडे बहुधा मधली असेल.

आणखी एक गोष्ट रॅलीची. 1971 साली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली याच गाडीने जिंकली. 1973 साली पुन्हा तिनेच, आणि तेव्हा स्टीअरिंगवर होता शेखर मेहता. युगांडातल्या भारतीय कुटुंबातला हा मुलगा. इदी अमीनने आशियाई लोकांना 1972 मध्ये हाकलले, त्यानंतर वर्षभराच्या आत त्याने ही शर्यत मारली, तीही गुण सारखे झाल्यावर नियमाच्या बारकाव्यावर. पुढे 1979 ते 1982 अशी ओळीने चार वर्षे डॅटसनच्याच दुसऱ्या गाडीतून त्याने ती जिंकली. हे ऐकून लोक झेड अजिंक्य समजतात. रॅलीच्या गाडीमागे मिस्त्र्यांचे पथक असते, हे ते विसरतात. आफ्रिकेच्या चिखलात टिकलेली ही गाडी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठापुढे मात्र टिकली नाही.

तेव्हा आधी गंज. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. पत्रा पातळ, आणि आजच्या गाड्यांसारखा जस्ताचा थर त्याला नाही. म्हणून दरवाजा किंवा बॉनेट गंजणे आणि तळाच्या लांब पट्ट्या गंजणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दरवाजा नवा मिळतो. तळाची पट्टी गेली की गाडीची कंबर गेली. पहिली जागा बॅटरीखालची. बॅटरीतले आम्ल वर्षानुवर्षे ठिबकत खालच्या तबकातून थेट पुढच्या पट्टीपर्यंत उतरते. दुसरी जागा काचेखालची, जिथे वायपरच्या जाळीतून पाने जाऊन पाणी निघायची भोके बुजतात आणि ओल कायम राहते. मग पायाखालचा पत्रा, दाराखालचे उंबरे, मागच्या चाकापुढचा कोपरा, स्टेपनीची खळगी आणि मागचे दार जिथे टेकते तो पट्टा. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकाला खाऱ्या हवेतला गंज समजावून सांगायला नको; पण तो बाहेरून खातो. झेडमधला गंज आतल्या पोकळ भागांत सुरू होतो, आणि रंगाला फोड आला की समजावे, आत पत्रा उरलेला नाही.

बघायला जाताना खिशात छोटे लोहचुंबक आणि हातात टॉर्च असावी. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी आहे. विकणारा रागावतो, रागावू द्यावे. सगळ्यात वाईट गाडी म्हणजे ‘नुकतीच रंगवलेली’. रंग उडालेली, धुळीने माखलेली, ॲरिझोनात वीस वर्षे उन्हात पडलेली गाडी तिच्याहून शंभर पटीने बरी. तिचा डॅशबोर्ड तडकलेला असेल, रबर वाळून पापड झाले असेल, पण पत्रा असेल. डॅशबोर्ड आणि रबर विकत मिळते. तळाच्या गंजक्या पट्टीवर नवी पट्टी ठोकून वेल्ड मारायची एक लोकप्रिय पद्धत आहे. तिला मी दुरुस्ती म्हणत नाही. आत जिवंत गंज कोंडला जातो आणि पाच वर्षांनी नवी पट्टीही जुनीसारखीच होते. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जायचे, आणि मगच जोडायचे. पातळ पत्र्यावर सलग वेल्ड मारला की तो तापून वाकतो. ठिपका इथे, पुढचा ठिपका फूटभर लांब, असे करत हळूहळू रेघ पूर्ण करायची. वेल्डिंगचे प्रकरण या पुस्तकात लांबले आहे त्याला हेच कारण आहे.

सर्वांत जास्त पाने मात्र विजेने घेतली आहेत, आणि आधीच्या हातांच्या खुणा सर्वांत जास्त तिथेच दिसतात. 240 झेडची वायरिंग मुळात साधी आणि नेटकी आहे. आकृतीत वायरींचे रंग अक्षरांनी दाखवलेले असतात. निळ्याला ‘एल’ आहे, कारण ‘बी’ काळ्याने घेतले आहे, एवढे लक्षात ठेवले की बाकी सरळ. अडचण अशी की त्या काळी पुढच्या दिव्यांचा सगळा प्रवाह स्टीअरिंगजवळच्या स्विचमधूनच जायचा, मध्ये रिले नव्हता. पन्नास वर्षांत त्या स्विचचे संपर्क काळे पडतात, तापतात, प्लॅस्टिक वितळते. पार्किंगच्या दिव्यांच्या फ्यूजचेही तसेच : फ्यूजबॉक्सची पितळी चिमटी सैल होते, सैल म्हणून तापते, तापली म्हणून आणखी सैल होते. फ्यूज जात नाही, पण त्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होते. इथे येतो आधीचा मालक. त्याने काय केले असेल? मोठा फ्यूज घातला. फ्यूजबॉक्स काढून त्याची मागची बाजू पाहिल्याशिवाय या गाडीत रात्रीचा प्रवास करू नये.

मल्टिमीटर सगळ्यांकडे असतो, पण तो वापरायची चुकीची पद्धतही सगळ्यांकडे असते. दिव्याची वायर सोडवून टोकाला मीटर लावला की बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस म्हणतो, ‘करंट तर येतोय.’ मीटरला नाममात्र प्रवाह लागतो; गंजलेल्या जोडातून तेवढा सुखाने जातो. दिवा जोडून, चालू ठेवून, जोडाच्या अलीकडे एक टोक आणि पलीकडे दुसरे लावावे. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला की चोर तिथेच आहे. हीच तपासणी अर्थिंगच्या बाजूलाही करायची, आणि झेडमध्ये निम्म्या वेळा दोष त्याच बाजूला निघतो : रंगलेल्या पत्र्यावर आवळलेली अर्थची चकती, बॅटरीपासून इंजिनपर्यंतची खाल्लेली पट्टी. गाडीत एकदम चार गोष्टी विचित्र वागू लागल्या, इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचू लागला, तर चार भाग मागवू नयेत. चौघांचा अर्थ एक आहे का ते पाहावे.

टॅकोमीटरची गंमत तर मुद्दाम सांगण्यासारखी. 240 झेडमध्ये इग्निशनचा प्रवाह कॉइलकडे जाताना टॅकोमीटरमधून जातो. त्यामुळे डॅश काढताना कोणी टॅकोमीटर सोडवून ठेवला आणि त्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या नाहीत, तर गाडी सुरूच होत नाही. माणूस पेट्रोलपंप, कॉइल, डिस्ट्रिब्युटर असे एकेक बदलत सुटतो. उलट, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की इंजिन छान चालते आणि टॅकोमीटर मात्र भलतेच आकडे दाखवतो. दोष टॅकोमीटरचा नसतो. ज्या प्रवाहाचे ठोके मोजायला तो बनला ते ठोकेच बदललेले असतात. कॉइलशेजारचा पांढरा बॅलास्ट रेझिस्टर हाही असाच फसवा. नवी कॉइल कोणत्या प्रकारची आहे ते न पाहता तो ठेवला तर ठिणगी मंद, आणि काढला तर पॉइंट जळतात.

इंजिनाबद्दल मला भीती घालायची नाही. एल-24 हे ओतीव लोखंडी ब्लॉकचे, ॲल्युमिनियम हेडचे, वर एक कॅमशाफ्ट असलेले दणकट इंजिन आहे. नीट तेलपाणी मिळाले तर दोन-दोन लाख मैल चालल्याची उदाहरणे आहेत. दहा वर्षे बंद पडलेले इंजिन लगेच स्टार्टर मारून फिरवू नये, एवढे पथ्य पाळावे. प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस थांबावे, मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हाताने फिरवावे. फिरले की अर्धी लढाई जिंकली. टाकीतले जुने पेट्रोल मात्र एक थेंबही इंजिनात जाऊ देऊ नये. वार्निशसारखे चिकट झालेले ते द्रव्य आणि टाकीतला गंज मिळून कार्बोरेटरची वाट लावतात.

‘कार्बोरेटर ट्यून करायचेत’ असे म्हणत आलेल्या दहांतल्या बहुतेकांना कार्बोरेटरचा आजार नसतोच. क्रम असा आहे : आधी टॅपेट, मग इग्निशन, शेवटी कार्बोरेटर. थंड इंजिनवर इनटेकचे अंतर 0.20 मिलिमीटर आणि एक्झॉस्टचे 0.25, गरम इंजिनवर दोन्हींत 0.05 वाढवायचे. पॉइंटचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वायरींचा क्रम 1-5-3-6-2-4. त्यानंतर टायमिंग लाइटने पाहायचे की रेस वाढवली की टायमिंग पुढे सरकते का. पुष्कळदा पुरेसे सरकत नाही, कारण डिस्ट्रिब्युटरमधली फिरती पट्टी आतल्या बारीक गोळ्यांसकट जाम झालेली असते, किंवा व्हॅक्यूमचा पडदा फाटलेला असतो. तशी गाडी आयडलिंगला गोड वाटते आणि चढावर मरते. मालक जेट बदलतो.

हिताचीचे दोन कार्बोरेटर ब्रिटिश एसयूच्या धर्तीचे आहेत, आणि माझ्या मते त्यांच्याइतका समजूतदार कार्बोरेटर दुसरा झाला नाही. आत एक जड पिस्टन; इंजिन ओढेल तितका तो वर उचलला जातो आणि त्याच्या टोकाची निमुळती सुई जेटमधून तेवढेच पेट्रोल सोडते. बोटाने पिस्टन उचलून सोडला तर खाली बसताना स्पष्ट ‘टक’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर सुई जेटला घासते आहे. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी गुदमरली तर आधी वरच्या नळीतले तेल पाहावे. ते संपलेले असते, आणि भरायला दोन मिनिटे लागतात. खालचा मिश्रणाचा नट पूर्ण वर नेऊन अडीच आटे खाली आणायचा, तिथून पुढे प्लगचा रंग पाहत बारीक फेरफार. दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतात का ते मोजायला साधे फ्लोमीटर मिळते. नळी कानाला लावूनही काम भागते. हे कार्बोरेटर काढून तीन वेबर बसवायची फार हौस असते. आवाज झकास येतो. पण बाजारात मिळणाऱ्या अशा गाड्यांतले बहुतेक वेबर नीट जेट न लावता बसवलेले असतात, आणि गॅरेजच्या कोपऱ्यातल्या खोक्यात मूळ जोडी पडलेली असेल तर ती मागून घ्यावी. 1974 च्या 260 झेडची गोष्ट उलटी : तिला प्रदूषणाच्या नियमांपायी सपाट टोपीचे जे कार्बोरेटर दिले ते इतके त्रासदायक होते की लोकांनी ते काढून जुन्या 240 चे घुमटवाले बसवले. तो बदल मी गाडीत तसाच ठेवीन. 1975 ची 280 झेड आली ती बॉशच्या पद्धतीचे फ्युएल इंजेक्शन घेऊनच. तिच्यासाठी वेगळे प्रकरण आहे आणि त्यातही निम्मे दोष वायरींच्या प्लगांत निघतात.

गरम गाडी पेट्रोलपंपावर बंद केली आणि पाच मिनिटांनी सुरू होईना, ही झेडवाल्यांची नेहमीची तक्रार. कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच बसलेले आहेत, पेट्रोलची नळी तापलेल्या भागाजवळून जाते, आणि आत पेट्रोल उकळते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे वाढते. शिवाय जुने रबर त्याने फुगते आणि चिरते. भारतात ई20 आल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक याच विवंचनेत आहेत. नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, यात काटकसर नको.

वासाचेही निदान करावे लागते. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर मागच्या पॅनेलआडच्या, टाकीची वाफ वाहून नेणाऱ्या नळ्या चिरलेल्या असतात. धुराचा वास आला तर कारण वेगळे : गाडी धावताना तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर मागच्या दाराच्या रबरातून, शेपटीच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. रात्री टॉर्च घेऊन आत बसावे आणि बाहेरून कोणाला उजेड कुठे दिसतो ते पाहायला सांगावे. दुर्लक्ष करण्यासारखी ही तक्रार नाही; त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

हत्यारांबद्दल थोडेसे. जपानी गाडीचा चौफुली स्क्रू दिसायला फिलिप्ससारखा, पण त्याची खाच जपानी मानकाची असते. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की उसळतो आणि डोके सोलून काढतो. कार्बोरेटरच्या झाकणांवरचे सोललेले स्क्रू हे आधीच्या मालकाचे हस्ताक्षरच समजावे. जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर स्वस्त आहे. तो पहिल्या दिवशी घ्यावा. तसेच 10 मिलिमीटरचा बोल्ट या गाड्यांत बहुधा 1.25 च्या आट्याचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 1.5 चा. दोन आटे बोटाने जातो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पाना लावू नये.

हेड उतरवणाऱ्याने हातावर गोंदून घ्यावी अशी एक सूचना : कॅमची चकती सोडवण्याआधी टायमिंग चेनमध्ये वरून लाकडी पाचर ठोकायची. नाही ठोकली तर चेन सैल पडते, खालच्या टेन्शनरचा दट्ट्या बाहेर उडतो, आणि तो परत बसवायला इंजिनाचे पुढचे सगळे झाकण काढावे लागते. आणि मागच्या सस्पेन्शनची ती लांब पिन, जिला झेडवाले स्पिंडल पिन म्हणतात, तिच्याबद्दल माझा सल्ला पराभूत वृत्तीचा वाटेल. ती आपल्या नळीत गंजून एकजीव होते. हातोड्याने निघत नाही, टोक मात्र फुलते. तेल, उष्णता, पुलर वापरून पाहावे, पण नव्या पिना आधीच मागवून ठेवाव्यात आणि वेळ आली की जुनी कापून टाकावी.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. झेडचे बरेच मिळतात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात निसाननेच अमेरिकेत जुन्या 240 झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, आपल्या डीलरांकडून साधारण पंचवीस हजार डॉलरला विकल्या. खर्च इतका आला की गाड्या झाल्या पन्नासांहून कमी, आणि योजना गुंडाळली. कंपनीला जे परवडले नाही ते घरच्या माणसाला परवडते, कारण तो स्वतःच्या दुपारचे पैसे लावत नाही. हल्ली जपानी कंपन्यांना आपल्या जुन्या गाड्यांची आठवण झाली आहे : माझदाने पहिल्या एमएक्स-5 साठी हिरोशिमात पुनरुद्धाराची सेवा सुरू केली, निसान जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा बनवते, टोयोटा 2000 जीटी आणि सुप्रा यांचे. चांगले आहे, पण किमती पाहून बसावे.

किमतींनीच एक नवे दुखणे आणले. जानेवारी 2020 मध्ये कमी धावलेली, जवळजवळ मूळ अवस्थेतली 1971 ची एक 240 झेड ऑनलाइन लिलावात 3,10,000 डॉलरला गेली. तेव्हापासून कोंबड्यांच्या खुराड्यात उभ्या असलेल्या सांगाड्याचा मालकही त्या आकड्याचे नाव घेतो. तो आकडा न उघडलेल्या, न छेडलेल्या गाडीचा होता, हे कोणी लक्षात घेत नाही. आपली गाडी तशी नाही आणि होणारही नाही. मग प्रत्येक क्लिप मूळ रंगाची हवी म्हणून झुरण्यापेक्षा ती दर रविवारी धावेल असे पाहावे. पुढच्या दिव्यांना रिले जोडा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, सीटचे पट्टे चांगले घाला. माझी हरकत नाही. हरकत आहे ती भोक पाडायला आणि मूळ वायर कापायला. जो बदल चार नट सोडून परत काढता येतो तो करावा. जो येत नाही तो करण्याआधी वर्षभर थांबावे.

काम सुरू करण्यापूर्वी तीन सूचना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. खाली स्टँड हवेतच. पेट्रोलची टाकी किंवा कार्बोरेटर उघडताना त्याच गॅरेजात गॅसचा गीझर पेटता असेल तर आधी तो बंद करावा. अमेरिकी घरांत तो पुष्कळदा तिथेच असतो. आणि जुन्या ब्रेकलायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ती फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटची विनंती. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. कोणती वायर कुठून कुठे नेली, कोणता जेट घातला, कोणता बोल्ट मूळचा नाही, तारखेसह लिहा. बदललेल्या वायरीला चिठ्ठी बांधा, काढलेले मूळ भाग नावे घालून एका खोक्यात ठेवा. तुमच्यानंतर या गाडीला आणखी एक मालक असेल आणि त्याच्या दृष्टीने ‘आधीचा मालक’ तुम्ही असाल. गाडी विकाल तेव्हा वही आणि खोके किल्लीबरोबर त्याच्या हवाली करा.